राहुकाळातली मॅच

तंजावरहून परत आले तर टीचर्स रूममध्ये प्रत्येकीचा एकच प्रश्न, "मोठं देऊळ पाहिलंस का?" पाहिलं. मोठं आहे. त्याच्यावर लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, त्यांचं वाचा. मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. चौदा पोरी, पाच फुटबॉल आणि कांदा-लसूण चटणीची एक बरणी घेऊन मी तिकडं गेले होते ती मॅच खेळायला. ती मॅच कशी होता होता राहिली आणि शेवटी कशी झाली, ते दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते.

बोलावणं छापील आलं. गुळगुळीत जाड कागद, वर रंगीत टीव्हीच्या दुकानाची जाहिरात, खाली परदेशातून नव्यानं आलेल्या कुठल्याशा थंड पेयाची, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत इंग्रजी मजकूर. युवक फुटबॉल स्पर्धा, चार संघ, आणि शिवाय 'मुलींच्या सहभागास प्रोत्साहन व समान संधी'. सोबत स्पर्धेचे चिटणीस गोपाळराव यांचं हातानं लिहिलेलं पत्र. हे तंजावरचे मराठी. पूर्वज आमच्याच बाजूचे, राजांबरोबर गेले आणि तिथंच राहिले. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही, म्हणून पत्रही इंग्रजीत. आमच्या पोरींचं नाव त्यांनी पेपरात वाचलं होतं. आमच्या मुलींशी एक सामना खेळा, राहणं-जेवण आमच्याकडं, असं लिहिलं होतं. वाचून मला चक्क भरून आलं. मूर्ख मी!

आमच्याकडं तरी काय दिवे लागलेत म्हणा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठापेठांचा जीव की प्राण. मॅचला अख्खं गाव लोटतं. पण पोरींनी मैदान मागितलं की, "आज पाणी मारलंय बाई, उद्या या." तो उद्या मी सात वर्षं बघते आहे. म्हणून म्हटलं, एवढ्या लांबून कुणी समान संधी छापून पाठवतंय तर जाऊन बघावी तरी कशी दिसते.

गुरुवार : तंजावर

स्टेशनवर गोपाळराव स्वतः आले होते. सरकारी कचेरीत नोकरी, कपाळावर गंधाची उभी रेघ, खिशाला दोन पेनं. हात जोडून म्हणाले, "यावें, यावें. प्रवास सुखाचा झाला कीं?"

माझ्या मागं चौदा पोरी फिसकन हसल्या. आमची कॅप्टन सुरेखा माझ्या कानाशी, "बाई, हे नाटकातलं बोलत्यात!" मी डोळे वटारले. पण खरं सांगते, हसू मलाही दाबावं लागलं. जुन्या बखरीतली भाषा आणि चाल तमिळ, प्रत्येक वाक्य शेवटी उडी मारून वर जाणार. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी कमला सोबत होती. तिला आमचं सगळं कळायचं, उत्तर मात्र तमिळ आणि इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, "आंटी, यू पीपल टॉक लाइक फाइटिंग." झाली फिटंफाट.

पोरींना एका शाळेच्या हॉलमध्ये उतरवलं आणि जेवायला सगळ्या गोपाळरावांच्या घरी. केळीच्या पानावर भात, सांबार, भात, रसम, भात, ताक. रसवांगी म्हणून वांग्याची एक भाजी होती, ती मी तीनदा मागून घेतली. पोरींची तोंडं मात्र एवढीशी. तिखट नाही, भाकरी नाही. शेवटी एकीनं चटणीची बरणी उघडली, आणि ज्या घरात कांदा-लसणाला उंबरा ओलांडायची परवानगी नाही तिथं तो वास असा घुमला की गोपाळराव पानावरून अर्धे उठले. त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, बरणी उचलली, पडवीत एका पाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "ज्यांस पाहिजे त्यांनीं बाहेर जाऊन लावून घ्या. पोरी दुरून आल्या आहेत, उपाशी कशाला?" या बाईंना मी त्या क्षणापासून वहिनी म्हणायला लागले. त्या मला अक्का म्हणायच्या.

वहिनींच्या स्वयंपाकघरात भिंतीला रोज पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं. त्या सकाळी उठून आधी ते वाचत आणि मग चूल पेटवत. आम्ही सकाळी पेपर वाचतो तसं.

शुक्रवार : तिरुवैयारु

त्या कॅलेंडरात काय असतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. स्पर्धा सुरू होण्याआधी पोरींना एकदा सराव द्यावा म्हणून मी मैदान मागितलं. समितीचं उत्तर, मुली खेळल्या तर गवत खराब होईल. मी जाऊन मैदान पाहिलं. गवत असेल तर कुणाच्या तरी स्वप्नात असेल, तिथं नव्हतं. मग कमला म्हणाली, आम्ही मुली तिरुवैयारुला नदीत खेळतो, तिकडं चला.

साडेदहाला चौदा पोरी बूट घालून दारात उभ्या, आणि वहिनी आडव्या. "आतां नाही जावें. राहुकाळ आहे. बारा वाजूं दे."

आमच्याकडंही कॅलेंडरच्या कोपऱ्यात राहुकाळ छापतात, पण त्याच्याकडं बघतो कोण? तिकडं मात्र रोजचा तो दीड तास म्हणजे जणू सरकारी हुकूम. त्या वेळेत नवं काम सुरू करायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही, कागदावर सही करायची नाही. वार बदलला की वेळ बदलते आणि ती लहान पोरालाही तोंडपाठ. मी पुष्कळ वाद घातला. वहिनींनी मला कॉफी आणून दिली. दीड तास चौदा पोरी बूट घालून भिंतीला टेकून बसल्या आणि मग आम्ही ऐन बाराच्या उन्हात, मे महिन्यात, शुभ वेळी बाहेर पडलो. त्या ग्रहाला एवढं कळतं तर ऊन कळत नसेल का?

कावेरीला पाण्याचा थेंब नव्हता. वर धरणातून पाणी सुटतं ते जूनमध्ये, तोवर ही एवढी मोठी नदी नुसती वाळू. कालवेही कोरडे, दोन्ही बाजूंना नारळ, कापून मोकळी झालेली भाताची शेतं. त्या वाळूत तंजावरच्या पोरी अनवाणी खेळत होत्या. वाळूत पळून बघा एकदा, म्हणजे त्यांच्या पोटऱ्या कशाच्या झाल्यात ते कळेल. आमच्या पोरी पाच मिनिटांत धापा टाकायला लागल्या.

आणि त्यात ती एक. काळी, किडकिडीत, केसाला लाल रिबीन, नाव सेल्वी. कालव्याकाठच्या एका गावातून सायकलवर यायची, कमलाच्याच वर्गात. सुरेखाच्या पायातून तिनं बॉल असा काढून नेला की सुरेखाला दोन पावलं पुढं गेल्यावर पत्ता लागला. मी वीस वर्षं पोरींना पळवते आहे. असा खेळ मी आमच्या पेठेतल्या ज्या पोरांना लोक डोक्यावर घेऊन नाचतात त्यांच्यातही क्वचित पाहिला.

सराव संपल्यावर काठावर बसून आम्ही तिथला मुगाचा हलवा खाल्ला. अशोका म्हणतात, तूप कोपरापर्यंत ओघळतं. तेव्हा कमलानं सेल्वीचं सांगितलं. दहावीची परीक्षा झाली होती. वडील वीटभट्टीवर. मंगळवारी तिला तिरुप्पूरला पाठवायचं ठरलं होतं. तिकडं परदेशी जाणाऱ्या बनियनचे कारखाने भराभर निघताहेत, पोरींना गाडी भरून नेतात. एकच वाट उरली होती. सरकारी क्रीडा वसतिगृह यंदा पहिल्यांदा फुटबॉलसाठी मुली घेणार होतं, राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. तिथले साहेब रविवारी तीन वाजता मुलांची फायनल बघायला येणार होते. त्यांनी सेल्वीला खेळताना पाहिलं तर शाळा, नाही तर बनियन. वडिलांनी संमतीच्या कागदावर अंगठा देऊन ठेवला होता. वसतिगृहाला गावात एक स्थानिक पालकही लागतो, ती सही करायचं गोपाळरावांनी कबूल केलं होतं.

सेल्वीला मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल बोलताहेत हे कळत होतं. तिनं मला एकच विचारलं, कमलाकरवी. आमची मॅच किती वाजता आहे?

मला माहीत नव्हतं. ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी उद्घाटन. दोन्ही संघांच्या मुलींना चार वाजता बोलावलं होतं. मी म्हटलं, वा, संचलन असेल. डोंबलाचं संचलन! मुलींना फाटकाशी दोन रांगांत उभं केलं आणि हातात दिली गुलाबदाणी, चंदनाची वाटी, खडीसाखरेचं ताट. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर गुलाबपाणी शिंपडायचं. मुलांचे चार संघ मधून छाती काढून गेले, त्यांच्यावरही आमच्याच पोरींनी शिंपडलं. सुरेखानं एकाच्या डोळ्यात नेम धरून शिंपडलं ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग भाषणं. मुलींना समान संधी, मुलींना समान संधी. बोलणारे सात, सातही पुरुष, आणि ज्यांना ती संधी मिळायची त्या पोरी दोन तास ताटं धरून उभ्या.

टेबलावर बक्षिसं मांडली होती. मुलांच्या विजेत्यांना हातभर उंच चषक आणि रंगीत टीव्ही. मुलींच्या विजेत्यांना स्टीलची इडलीपात्रं, अकरा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आणि कार्यक्रमपत्रिकेवर मुलींच्या मॅचची वेळ होती शनिवार, दुपारी साडेबारा.

शनिवार : मैदान

सकाळी सातला मुलांचा पहिला सामना झाला. नऊ ते साडेदहा शनिवारचा राहुकाळ, म्हणून सगळे मंडपात बसून इडल्या खात होते. साडेदहाला दुसरा सामना. तो संपला की साडेबाराला, जेव्हा कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा मुली. बघायला कोण? साहेब रविवारी येणार. प्रेक्षक जेवायला जाणार. उरलो आम्ही आणि सूर्य.

मी समितीच्या टेबलाशी गेले. कमलाला बरोबर घेतलं, भाषांतराला. "या वेळेला आम्ही खेळणार नाही," मी म्हटलं.

अध्यक्ष म्हणून एक वजनदार जमीनदार होते. ते अत्यंत मायेनं म्हणाले की मुलींना अंधार पडायच्या आत घरी जाता यावं म्हणूनच ही वेळ ठेवली.

"साडेबाराला खेळल्या तर घरी नाही, दवाखान्यात जातील. उद्याचं संध्याकाळचं काय आहे?"

मी पत्रिका पुढं केली. रविवारी तीन वाजता मुलांची फायनल, सहा वाजून पाच मिनिटांनी बक्षीससमारंभ. आणि साडेचार ते सहा? छापलं होतं, 'चहापान व नागस्वर', म्हणजे तिकडची सनई. उन्हं कललेली, वारा सुटलेला, खुर्च्या भरलेल्या, साहेब हजर. दिवसातली सगळ्यात सोन्यासारखी वेळ आणि तिच्यात नुसता चहा!

"हे दीड तास आम्हांला द्या."

सातजणांनी एकमेकांकडं पाहिलं. गोपाळराव हळूच म्हणाले, "अक्का, तो रविवारचा राहुकाळ आहे. त्यांत कोण सुरू करील?"

"आम्ही. तुमच्या राहूला आमच्या पोरी चालतात का तेवढं त्याला विचारा."

अध्यक्षांना हसू आलं. नको असलेली जागा कुणी मागतंय तर द्या की, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आला. त्यांनी मान डोलावली, "सरि, सरि." उष्टं ताट भिकाऱ्याला देताना माणूस जसा उदार होतो तसे ते उदार झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. ताट मिळालं ना!

पण घोडं दुसरीकडंच अडलं. संध्याकाळी गोपाळरावांच्या पडवीत तंजावरच्या संघातल्या तीन मुलींच्या आया येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं एकच. वर्षातला पहिलाच एवढा मोठा सामना, आणि तो राहुकाळात सुरू करायचा? पोरीचा पाय मोडला म्हणजे? आम्ही पाठवणार नाही. तीन गेल्या तर संघ आठांचा. संपलंच सगळं. सेल्वी पडवीच्या खांबाला धरून उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना.

मी तावातावानं बोलायला लागले. पृथ्वी, सूर्य, ग्रह, सगळं विज्ञान काढलं. कमला बिचारी भाषांतर करत होती आणि त्या तिघी माझ्याकडं, घरी आलेल्या वेड्या पाहुणीकडं बघावं तसं, सौजन्यानं बघत होत्या.

वहिनी आतून हात पुसत आल्या. "सुरू करायचें नाही, येवढेंच ना?" त्यांनी विचारलं. "आधींच सुरू झालें असेल तर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याच घरातलं होतं. माझे आजोबा कोर्टाच्या तारखेला जायचे तर मुहूर्त बघून आदल्या दिवशीच उपरण्यात चार पोह्यांची गाठ बांधून शेजाऱ्याच्या पडवीत नेऊन ठेवत. प्रस्थान ठेवणं. म्हणजे प्रवास शुभ वेळी सुरू झालेला असतो, मग तुम्ही केव्हाही निघा. तंजावरलाही तेच, नावही तेच. वहिनी म्हणाल्या, तसेंच प्रस्थान ठेवूं या, सामन्याचें.

तिन्ही आयांनी आपसांत दोन मिनिटं तमिळमध्ये चर्चा केली आणि उठल्या. पटलं होतं. माझ्या विज्ञानाला जे जमलं नाही ते चार पोह्यांनी केलं.

रविवार : सकाळ आणि संध्याकाळ

सकाळी पावणेसात वाजता रिकाम्या मैदानावर आम्ही सगळ्या. वहिनींनी मध्यरेषेवर नारळ फोडला, बॉलला कुंकू लावलं. मी शिट्टी वाजवली. कमलानं बॉल एकदा ढकलला, सुरेखानं पायानं अडवला. "पोदुम," वहिनी म्हणाल्या, म्हणजे पुरे. मी पुन्हा शिट्टी वाजवली. "आतां सामना सुरू आहे. थांबला आहे, पण सुरू आहे." मग सगळ्या नाश्त्याला गेलो. दहा तासांच्या विश्रांतीची अशी मॅच मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

तीनला मुलांची फायनल झाली. ठीक होती. केस सावरायला वेळ जास्त गेला.

साडेचार वाजले आणि मला वाटलं, आता माणसं उठणार. एकही उठलं नाही! बक्षीससमारंभ सहा-पाचला, तोवर थांबायचंच होतं. आणि ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांनाही राहुकाळात घरी निघता येईना. अध्यक्ष खुर्चीत अडकलेले, सातही वक्ते अडकलेले, पुढच्या रांगेत वसतिगृहाचे साहेब. ज्या राहूला मी तीन दिवस शिव्या घातल्या त्यानं मुलींच्या फुटबॉलला जेवढे प्रेक्षक बसवून दिले तेवढे त्या गुळगुळीत पत्रकाला सात जन्मांत जमले नसते.

पाच मिनिटं टवाळी झाली. शिट्ट्या, हुर्यो. मग सेल्वीला बॉल मिळाला. डावीकडून निघाली, आमच्या दोघींना चुकवलं, तिसरी आडवी आली तिच्या बाजूनं बॉल टाकला आणि ती दुसऱ्या बाजूनं गेली. गोल. आणि जो आवाज उठला तो कोल्हापूरच्या कानांना ओळखीचा होता. मी दुसऱ्या संघाची कोच, मी ओरडायला नको होतं. ओरडले.

सुरेखानं बरोबरी केली, आणि कशी! डोक्यानं. उत्तरार्धात सेल्वीचा गुडघा सोलवटला, रक्त आलं, तिनं त्यावर माती दाबली आणि परत पळायला लागली. शेवटच्या मिनिटाला दुसरा गोलही तिचाच. दोन-एक हरलो. इडलीपात्रं गेली. माझ्या पोरी अजून म्हणतात, बाई, बरं झालं.

पावणेसहा झाले होते. साहेब त्यांच्या जीपशी गेले आणि सेल्वीला हाक मारली. आम्हीही मागोमाग. साहेब काळा शर्ट घालणारे, देवधर्म-मुहूर्त न मानणाऱ्या पंथातले. त्यांनी फॉर्म बॉनेटवर ठेवला. इंग्रजीत मला म्हणाले, "मुलींची एकच जागा उरली आहे. उद्या सकाळी पुढच्या गावात अकराजणी बघायच्यात. पण ही मिळाली तर मला बघायच्या नाहीत. फॉर्म पूर्ण करून द्या, मी निघतो."

वडिलांचा अंगठ्याचा कागद सेल्वीनं काढून दिला. शाळेचा शिक्का होता. राहिली स्थानिक पालकाची सही. सगळ्यांनी गोपाळरावांकडं पाहिलं.

गोपाळरावांनी पेन काढलं. घड्याळ पाहिलं. पेन परत खिशाला लावलं. "दहा मिनिटें, साहेब. सहा वाजले कीं लगेच करतों."

"कशासाठी?"

गोपाळरावांनी पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. साहेबांना समजलं. त्यांचा चेहरा कडक झाला. "पावसासाठी मी तासभर थांबेन. राहूसाठी एक मिनिट नाही. जन्मात थांबलो नाही."

"पोरीच्या आयुष्याचा कागद आहे, साहेब. वाईट वेळीं कसा करूं? तिच्याच भल्यासाठीं म्हणतों."

आणि खरंच, त्यांच्या डोळ्यांत भीती होती, ढोंग नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. एक राहूला भितो म्हणून सही करत नाही, दुसरा राहूला भीत नाही म्हणून थांबत नाही! दोघांचीही तत्त्वं अशी कडक इस्त्रीची, की मधे पोरगी चेंगरली तरी घडी मोडायची नाही. हे मी मराठीत मोठ्यानं म्हटलं. कुणी भाषांतर केलं नाही. "द्या इकडं, मी सही करते," म्हटलं. साहेबांनी पत्ता विचारला. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

कमला रडत होती. "अप्पा, प्लीज अप्पा." सेल्वी रडत नव्हती. तिनं वडिलांचा कागद साहेबांच्या हातातून परत घ्यायला हात पुढं केला. घडी घालून ठेवायला.

तेव्हा बायकांच्या खुर्च्यांकडून वहिनी आल्या. चालत आल्या, पळाल्या नाहीत. नवऱ्याच्या खिशातलं पेन काढलं आणि साहेबांना तमिळमध्ये विचारलं. कमलानं मला नंतर सांगितलं ते असं, "याच घरांत मीही राहतें. माझी सही चालेल?"

साहेब म्हणाले, चालेल.

"अगो!" गोपाळराव म्हणाले. "आठच मिनिटें राहिलीं."

"आठ मिनिटांनीं जीप असेल का?"

वहिनींनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि बॉनेटवर वाकून तमिळ अक्षरांत सावकाश सही केली. जीपच्या धक्क्यानं अक्षरं हलत होती, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. साहेबांनी फॉर्म घेतला, कोपऱ्यात काहीतरी खरडलं, सेल्वीच्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. सहाला पाच कमी होते. मंडपात नागस्वर वाजत होतं, आणि कमला-सेल्वी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा किंचाळत होत्या की ते ऐकूच येत नव्हतं. गोपाळराव रिकामा खिसा चाचपत उभे होते.

वहिनी माझ्याजवळ आल्या. मी त्यांचा हात धरला तर भर मे महिन्यात गार पडलेला.

"अक्का, मज फार भय लागतें," त्या म्हणाल्या. "जें काय व्हायचें तें मज होऊं दे, पोरीला नको, असें मनांत बोलून सही केली. तसें चालतें ना?"

"चालतं, वहिनी," मी म्हटलं. "तसंच चालतं."